नखाच्या रंगावरून स्पर्शबल-मापन
बोटाने वस्तू दाबली की नखाखालच्या त्वचेचा रंग बदलतो. या बदलाची छायाचित्रे संगणकाने तपासून बोटाने किती आणि कोणत्या दिशेने बल लावले, हे काढण्याची पद्धत.

तर्जनी टेबलावर टेकवून दाब हळूहळू वाढवला, तर नखाच्या टोकाशी पांढरा पट्टा उमटतो आणि मधला भाग लालसर होतो. टोकाकडच्या केशवाहिन्या दबून रिकाम्या होतात; परतीचे रक्त अडल्याने मागे ते साठते. डॉक्टर नख दाबून सोडतात आणि लाली किती वेळात परतते ते बघतात, तो याच गुणाचा उपयोग. बोट न उचलता बाजूला रेटले, तर डाव्या-उजव्या भागांतला रंग सारखा राहत नाही. त्यामुळे दाबाबरोबर रेट्याची दिशाही कळते.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये स्टीफन मॅस्कारो आणि हारुहिको असादा यांनी 2000 च्या सुमारास नखावर बसणारा संवेदक तयार केला. त्यात बारीक एलईडी आणि प्रकाश टिपणारे डायोड होते. पुढे युटा विद्यापीठात यू सन, जॉन हॉलरबाख आणि मॅस्कारो यांनी नखावर काही न बसवता कॅमेऱ्यानेच नख व भोवतालची त्वचा टिपली. चित्रातला हिरवा रंग येथे विशेष कामाचा, कारण रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते.

बळ मोजणारे हातमोजे असतात. पण बोटाच्या पेरावर आवरण चढले की स्पर्शच बोथट होतो, आणि मग मोजलेली पकड नेहमीची राहत नाही. नखाच्या पद्धतीत पेर उघडे असते, हा तिचा खरा फायदा.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. प्रत्येकाचे नख वेगळे, म्हणून आधी त्या व्यक्तीला बलमापकावर बोट दाबायला लावून रंग आणि बल यांचा मेळ घालून घ्यावा लागतो. बोट वाकले तरी रंग बदलतो. काही न्यूटनपुढे (1 न्यूटन म्हणजे साधारण 100 ग्रॅमचे वजन) रंगात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे हलका स्पर्श नीट मोजता येतो, घट्ट मूठ नाही. रक्त सरकायला क्षणभर लागतो, म्हणून झटक्यात मारलेली टिचकी निसटते. थंडीने गारठलेली बोटे दाद देत नाहीत. नेलपॉलिश तर आधी पुसावेच लागते. मेंदीने रंगलेल्या नखांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे नक्की पडेल.