ताहितीच्या भाषेतून रात्र कशी गेली?

प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर रात्रीला 'पो' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या तू नावाच्या राजाने 'पोमारे' हे नाव धारण केलं. पो म्हणजे रात्र, मारे म्हणजे खोकला. अपत्याच्या रात्रीच्या खोकल्याची ती आठवण होती, असं सांगतात. राजाच्या नावात आलेला शब्द प्रजेने उच्चारायचा नाही, अशी तिथली रीत होती. त्यामुळे लोकांनी 'पो' सोडला आणि रात्रीला 'रुई' म्हणायला सुरुवात केली. 'पो' परत रूढ झाला तो पुढे.

राजाच्या आधीच्या नावानेही भाषेत अशीच उलथापालथ केली होती. 'तू' म्हणजे उभं राहणं. त्या जागी 'तिआ' आलं. आश्चर्य म्हणजे ताऱ्याला 'फेतू' म्हणत, त्याच्या शेवटी नुसता 'तू' ऐकू येतो म्हणून ताराही 'फेतिआ' झाला! याच रीतीमुळे पाण्याचा 'वाई' जाऊन 'पापे' आला. आजच्या राजधानीचं पापेएते हे नाव त्याचाच पुरावा आहे, कारण तिचं जुनं नाव वाइएते होतं.

हे ताडून पाहता येतं ते बहीणभाषांमुळे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत रात्र अजूनही 'पो' आहे, पाणी 'वाई' आणि तारा 'फेतू'. भाषाशास्त्रात या गोष्टीला फार महत्त्व आहे. मॉरिस स्वॉडेश यांनी 1950च्या दशकात अशी कल्पना मांडली की पाणी, रात्र, तारा यांसारखे मूलभूत शब्द साधारण ठरावीक गतीने बदलतात, म्हणून त्यांवरून दोन भाषा कधी वेगळ्या झाल्या याचा हिशेब करता येईल. ताहितीत मात्र एका घराण्याच्या नावांनी अगदी मूलभूत शब्द झपाट्याने बदलले. तो हिशेब तिथे कोलमडतो.

'टॅबू' हा शब्द जगभर गेला तोही याच भागातून. 1777 साली कॅप्टन कुकने तो टोंगा बेटांवर ऐकला. ताहिती, टोंगा, न्यूझीलंड ज्यात येतात त्या पॉलिनेशियातल्या 'तापू'त पवित्र आणि निषिद्ध असे दोन्ही अर्थ आहेत. आपण त्यांना वेगळी नावं दिली, सोवळं आणि विटाळ. पण सोवळ्यातल्या बाईलाही शिवायचं नाही आणि विटाळशीलाही शिवायचं नाही, म्हणजे नियम एकच!

नाव न घेण्याची रीतही आपल्याकडे होती. बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. काही घरांत त्या नावाशी जुळणारा साधा शब्दही टाळला जाई. उखाण्यात ते नाव घेण्याची तेवढी मुभा असे. पण या बंदीने मराठीतला एखादा रोजचा शब्द हद्दपार झाला, असं माझ्या पाहण्यात नाही. मला याचं कारण उघड दिसतं. ताहितीत राजाच्या नावाची बंदी सगळ्यांवर होती, इथे ती घरातल्या बाईपुरतीच होती. नवरा, सासरा, मुलं तोच शब्द दिवसभर बोलत होती. त्यामुळे भाषा होती तशीच राहिली आणि अडचण सोसली ती बायकांनी.

अशी बंदी अंगात किती खोल मुरते, हे मोजता येतं. बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले वर्ज्य शब्द आणि लहानपणी ऐकलेल्या दटावण्या ऐकवल्या, दाखवल्या. मन ढवळलं की बोटांना सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. उपकरणं तेच मोजत होती. मातृभाषेत हा प्रतिसाद जास्त जोरदार होता. फरक सर्वांत ठळक दिसला तो दटावण्यांच्या बाबतीत. इंग्रजीतल्या तशाच वाक्याचा अर्थ कळत होता, पण अंग तितकं दचकत नव्हतं.

मराठी घरांत पाळीला 'कावळा शिवला', 'बाहेरची', 'अडचण' असे शब्द का आले आणि 'पाळी' म्हणतानाही आवाज का उतरतो, याची उकल मला इथे सापडते. 'पाळी' हा मुळात 'खेप, वेळ' या अर्थाचा साधा शब्द, म्हणजे तोही आडोसाच. आता 'पिरियड्स' सहज म्हणता येतं, कारण त्या शब्दाला लहानपणची दटावणी चिकटलेली नाही. पण ज्या मुलीच्या घरात इंग्रजी नाही, तिने पोटदुखीबद्दल डॉक्टरांशी कोणत्या शब्दांत बोलायचं? म्हणून शाळेत हा धडा मुलामुलींना एकत्र बसवून, मराठीत आणि मोठ्या आवाजात शिकवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.