औषधाची कुपी किती घट्ट हवी? हेलियम चाचणीमागचा इतिहास

जुलै १९७० पासून अमेरिकेत सलाईन लावलेल्या रुग्णांच्या रक्तात ठरावीक जातींचे जंतू सापडू लागले. एप्रिल १९७१ उजाडेपर्यंत २५ रुग्णालयांनी असे ३७८ रुग्ण नोंदवले होते. सलाईन कारखान्यातच निर्जंतुक केलेले होते; खोट निघाली टोपणात. ॲबट कंपनीने बाटलीच्या आट्याच्या टोपणातले अस्तर बदलले होते. नव्या अस्तरापाशी जंतू तग धरून राहत आणि टोपण काढून पुन्हा लावले की द्रवात उतरत. मार्च १९७१ मध्ये या बाटल्या परत मागवण्यात आल्या.

हे प्रकरण काही सूक्ष्म छिद्राचे नव्हते. पण बूच आणि टोपण हेही औषधाइतकेच तपासायला हवेत, हा धडा त्याने फार मोठी किंमत घेऊन दिला. प्रश्न होता तो तपासायचे कसे याचा. जुनी पद्धत सोपी होती: बंद कुपी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची, वरची हवा ओढून घ्यायची, मग दाब पूर्ववत करायचा आणि आत निळी झाक दिसते का ते पाहायचे. नाहीतर जंतूंच्या द्रावणात कुपी बुडवून आतला द्रव गढूळ होतो का याची वाट पाहायची. दोन्ही पद्धतींत नशिबाचा भाग मोठा. भोक असूनही रंग आत शिरत नाही, किंवा शिरलेला अंश डोळ्याला दिसत नाही.

नेमके मोजणारे यंत्र तोवर दुसऱ्याच जगात तयार होते, आणि त्याचा जन्म अणुबॉम्बच्या कामातला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज इथे युरेनियम वेगळे करण्याचा के-२५ हा अवाढव्य कारखाना उभारला. तिथे मैलोन्मैल नळ्यांमधून युरेनियम हेक्साफ्लोराइड वायू फिरवायचा होता. हा वायू हवेतल्या ओलाव्याशी लगेच अभिक्रिया करतो, म्हणून एकेक जोड निर्दोष हवा. मिनेसोटा विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नीर यांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू-रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून ओळखणाऱ्या उपकरणावर, आधारलेला गळतीशोधक घडवला. नळीतली हवा काढून घ्यायची, बाहेरून जोडावर हेलियमचा झोत फिरवायचा आणि आत हेलियमचा अणू पोचला की यंत्राने नोंद करायची. १९४५ मध्ये या प्रकल्पातल्याच दोघांनी व्हीको ही कंपनी काढली आणि हे यंत्र बाजारात आणले.

हेलियमच का? हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत जेमतेम ५ भाग, त्यामुळे यंत्रात दिसला तो बहुधा आपणच सोडलेला. तो पेट घेत नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही आणि अतिसूक्ष्म फटीतूनही निसटतो. हायड्रोजन त्याहून हलका, पण ज्वालाग्राही, शिवाय निर्वात यंत्रातही पाण्याच्या अंशातून तो येतच राहतो. या वायूच्या शोधाचा एक धागा आपल्या भूमीशी जोडलेला आहे, तो नोंदवल्यावाचून राहवत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून गुंटूरपर्यंत गेला होता. जमखिंडी संस्थानात आणि गुंटूरला निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात दिसलेली एक अनोळखी पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गावर आजही त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो.

औषधांच्या बाबतीत खरी कलाटणी १९९७ ची. संशोधक ली कर्श आणि सहकाऱ्यांनी रबरी बुचांच्या काचेच्या कुप्यांमध्ये मुद्दाम वेगवेगळ्या मापांची सूक्ष्म छिद्रे ठेवली. हेलियम किती वेगाने गळतो ते मोजले आणि त्याच प्रकारच्या कुप्यांत जंतू शिरतात का तेही पाहिले. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत मोलाचे काम, कारण वायूच्या आकड्याला त्यामुळे रुग्णाच्या दृष्टीने अर्थ आला. छिद्र एका मर्यादेहून बारीक झाले की वायू जातो, जंतू जात नाहीत. अमेरिकी औषधकोशाच्या, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या ग्रंथाच्या, १२०७ व्या प्रकरणात आज जी कडक मर्यादा दिसते, ती सेकंदाला ०.०००००६ मिलिबार-लिटर हेलियमची आहे. म्हणजे एक घन सेंटिमीटर वायू बाहेर पडायला जवळपास दोन दिवस लागावेत. छिद्राच्या भाषेत हे ०.१ ते ०.३ मायक्रॉन.

पुढे नियमही बदलत गेले. निर्जंतुकता चाचणीत एका खेपेतल्या मोजक्याच कुप्या फोडल्या जातात आणि त्यातून त्या दिवसापुरतेच कळते. म्हणून २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने टिकाऊपणाच्या अभ्यासात तिच्याऐवजी कुपीच्या बंदिस्तपणाची चाचणी करायला वाट मोकळी केली. २०१६ मध्ये औषधकोशाच्या सुधारित प्रकरणाने मोजमापावर आधारलेल्या पद्धतींना रंग आणि जंतूंच्या पद्धतींपेक्षा वरचे स्थान दिले.

हेलियमने सगळेच सुटते असे मात्र नाही. कुपीत आधी हेलियम भरावा लागतो, म्हणून ती कुपी रुग्णाला देता येत नाही. शिवाय हा वायू रबरातूनही हळूहळू झिरपतो. मोजायला उशीर झाला तर झिरपण गळतीसारखी दिसते. त्यामुळे कारखान्यात रोजच्या तपासणीला दाबातला बदल किंवा विजेचा प्रवाह मोजणाऱ्या पद्धती असतात. हेलियम कामी येतो तो त्याआधी: कोणती काच, कोणते बूच, ॲल्युमिनियमचे टोपण किती दाबून बसवायचे हे ठरवताना.

कोविडच्या लसी उणे ७० अंशांच्या आसपास साठवायची वेळ आली तेव्हा ही गरज आणखी तीव्र झाली. तेवढ्या थंडीत बुचाचे रबर लवचिकता गमावून कडक होते आणि काचेपासून किंचित सुटू शकते. त्या वेळी बाहेरचा थंड वायू, कोरड्या बर्फात ठेवले असेल तर कार्बन डायऑक्साइड, आत शिरतो. कुपी वितळायला बाहेर काढली की रबर पुन्हा घट्ट बसते, फट मिटते आणि अडकलेल्या वायूचा दाब वाढतो. खोलीच्या तापमानाला तपासले तर कुपी निर्दोष ठरते. निळे पाणी तिथे उपयोगाचे नाही, ते गोठते. हेलियम त्या थंडीतही वायूच राहतो, म्हणून आता ही चाचणी उणे ८० अंशांवर, थंड पात्रात कुपी ठेवूनच केली जाते.