मोहोळ फुटतं, त्यामागची गोष्ट

मधमाश्या पाळायला घेतल्या की पहिल्याच हंगामात माणूस थव्यावरून गोंधळतो. आत दाटी झाली की जुनी राणी निम्म्याएक माश्या घेऊन नवं घर करायला बाहेर पडते, तो थवा. एक जाणता मधपाळ बजावतो, "थवा सुटू देऊ नका, अर्धी पेटी रिकामी होईल." दुसरा म्हणतो, "फांदीला लटकलेला थवा दिसला तर सोडू नका, आयती वसाहत आहे." दोघंही खरंच सांगतात. फक्त त्यांचे सल्ले दोन वेगळ्या काळांतले आहेत, आणि त्या दोन काळांच्या मधोमध एक पेटी आहे.

युरोपात शेकडो वर्षं माश्या पेंढ्याच्या, उलट्या टोपलीसारख्या घरात ठेवत. पोळी आतून छताला चिकटलेली, कापल्याशिवाय निघायची नाहीत. शरद ऋतूत सर्वांत जड टोपल्या मधासाठी निवडायच्या आणि हलक्या टोपल्या हिवाळ्यात तगणार नाहीत म्हणून बाजूला काढायच्या. दोन्हींतल्या माश्या गंधकाच्या धुरानं मारल्या जात. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. मधल्या वजनाच्या टोपल्या तेवढ्या उरत, आणि वसंतात त्यांतून सुटणारे थवे हीच पुढच्या वर्षाची बेगमी असे. टोपली लहान, आत दाटी लवकर, म्हणून थवेही भरपूर, आणि पाळणाऱ्याला हवं होतं तेच. थवा उडाला की लोक भांडी बडवत मागे धावत. आवाजानं माश्या खाली बसतात, अशी समजूत होती; मला ती पटत नाही. पण थवा आपला आहे, हे गावभर कळायला त्याचा उपयोग नक्की होत असणार. कारण मालकीचा प्रश्न खरा होता. रोमन सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३च्या कायद्यात तो स्पष्ट सोडवला आहे: थवा नजरेच्या टप्प्यात आहे आणि पाठलाग अवघड नाही, तोवर तो मूळ मालकाचा; त्यानंतर जो पकडेल त्याचा.

आत काय चालतं, हे मात्र फार उशिरा कळलं. थव्याच्या पुढाऱ्याला शतकानुशतकं 'राजा'च म्हणत. इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर या पाद्रीनं १६०९ साली आपल्या पुस्तकातून ती राणी असल्याचं ठासून मांडलं. राणीकोषातून, म्हणजे नवी राणी वाढते त्या मेणाच्या कोषातून, बाहेर पडलेली कोवळी राणी आणि अजून कोषात असलेल्या तिच्या बहिणी एकमेकींना आवाज देतात. बटलरनं ते सूर चक्क स्वरलिपीत लिहून ठेवले. संध्याकाळी पेटीला कान लावून तो आवाज एकदा तरी ऐकावा. तो आला म्हणजे जुनी राणी पहिला थवा घेऊन बहुधा निघून गेली आहे, आणि आता दुसरा सुटू शकतो. पुढे व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवणाऱ्या स्लोव्हेनियन अँटन यान्शानं १७७१ साली केवळ थव्यांवरच ग्रंथ लिहिला.

मग १८५१ साल. अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथच्या ध्यानात आलं की सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या मेणानं किंवा राळेनं बुजवत नाहीत. त्या मापावर त्यानं सुट्या चौकटींची पेटी बांधली. आता पोळं उचलून पाहता येऊ लागलं, माश्या न मारता मध काढता येऊ लागला आणि त्याबरोबर थव्याचा अर्थच पालटला. कालची बेगमी आज तोटा ठरली. राणीकोष शोधून मोडणं, उडता येऊ नये म्हणून राणीचा पंख कापणं असे उपाय मधपाळाच्या नेहमीच्या कामात शिरले. १८९२ साली जॉर्ज डेमारी या अमेरिकन मधपाळानं सुचवलेली पद्धत मला सर्वांत समंजस वाटते: राणीला रिकाम्या पोळ्यांसह खाली ठेवायचं, अंडी-अळ्यांच्या चौकटी राणीला ओलांडता न येणाऱ्या जाळीपलीकडे वर न्यायच्या. दाटी मोडते. राणीकोष मोडत बसणं मात्र दर आठवड्याची झुंज आहे. एखादा कोष नजरेतून सुटला तरी थवा निघतो.

फांदीवरचा घोळका तिथं काय करतो, याचा उलगडा म्युनिकमध्ये १९४९ नंतर झाला. मार्टिन लिंडाउअर या माश्यांच्या अभ्यासकाला थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीनं, विटांच्या धुळीनं माखलेल्या दिसल्या. फुलांवरून आलेल्या माश्यांच्या अंगावर पराग असतो, काजळी नसते. या माश्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या शहरात नवं घर शोधून आल्या होत्या आणि नाचातून त्याचा पत्ता सांगत होत्या. पुढे थॉमस सीली या संशोधकांनी दाखवलं की त्यांना सुमारे ४० लिटरची, लहान तोंडाची, उंचावरची पोकळी आवडते. थवा यावा म्हणून मांडून ठेवायच्या रिकाम्या पेटीचं माप इथूनच आलं.

'मोहोळ उठणं' म्हटलं की आपल्याला हल्लाच आठवतो. पण नुकत्याच सुटलेल्या थव्यापाशी राखायला ना पिल्लं असतात, ना साठा. निघताना पोटभर मध घेतलेला असतो. म्हणून तो सहसा शांत असतो, उपाशी लटकून दोन-तीन दिवस झाले असतील तर मात्र सांभाळून. खाली पेटी धरून फांदी एकदाच जोरात झटकावी. राणी आत पडली असेल तर थोड्याच वेळात दारावरच्या माश्या शेपटाकडचा भाग वर करून पंख हलवू लागतात, आणि उरलेल्या त्या गंधावर चालत आत येतात. अंधार पडेपर्यंत पेटी तिथंच राहू द्यावी. बाहेर फिरणाऱ्या शोधकऱ्या माश्यांनाही परतायला वेळ लागतो.