देवळाचं तोंड असलेलं शेतघर : मासेरची व्हिला बार्बारो

उत्तर इटलीत, त्रेव्हिजो प्रांतातल्या टेकड्यांना पाठ टेकून मासेर गावी व्हिला बार्बारो उभी आहे. मधोमध चार खांब, वर त्रिकोणी शिखर. लांबून रोमन देऊळच वाटतं. आहे मात्र ते शेतघर.

व्हेनिसचे सरदार शेतीकडे वळले ते गरजेपोटी. पंधराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांना भारताचा सागरी मार्ग सापडला आणि मसाल्याच्या व्यापारावरची व्हेनिसची पकड सैल होऊ लागली. पूर्वेला तुर्कांचा जोर वाढत होता. सोळाव्या शतकात धान्याचे भाव चढले, तेव्हा या घराण्यांनी पैसा मुख्य भूमीवरच्या जमिनीत घातला, दलदली उपसल्या. मग मालकाला राहायला घर हवं, तसंच धान्य, जनावरं आणि अवजारं ठेवायला जागाही.

अशाच एका घराण्यातल्या दानिएले आणि मार्कान्तोनियो या बार्बारो बंधूंनी मासेरच्या घराचं काम वास्तुकार आंद्रेआ पल्लादियोकडे दिलं. ओळख जुनी होती. दानिएलेने प्राचीन रोमन वास्तुकार वित्रुव्हियसच्या ग्रंथाचा सटीक अनुवाद 1556 मध्ये छापला, त्यातल्या आकृत्यांना पल्लादियोचा हात लागला होता. घराला देवळाचं तोंड देण्यामागे पल्लादियोचा एक समज होता : देवळाचा आकार मुळात घरावरूनच आला. समज चुकीचा, पण त्या चुकीने पुढे युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी इमारतींना चेहरा दिला.

मधल्या घराच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या लांब ओवऱ्या, म्हणजे शेतीच्या कामाच्या जागा. त्यांच्या टोकांना कबुतरखाने. मालक आणि शेतीची कामं, सगळं एका ओळीत, एका छपराखाली.

मला सगळ्यात आवडते ती पाण्याची व्यवस्था. मागच्या टेकडीतला झरा आधी मूर्तींनी सजवलेल्या कुंडात येतो. तिथून तो स्वयंपाकघरात जातो, मग बागेला मिळतो, पुढे रस्त्याकडेला माशांच्या तळ्यांत आणि जनावरांच्या पाणवठ्यावर येतो, आणि शेवटी फळबागेत जिरतो. एकाच पाण्याला इतकी कामं लावणारा माणूस शोभेइतकाच हिशेबाचाही पक्का असणार.

आतली भित्तिचित्रं 1560 च्या सुमारास पाओलो व्हेरोनेझेने रंगवली. भिंतीवर रंगवलेल्या खोट्या सज्जातून घरची मालकीण दाईसह खाली पाहते, खोटं दार अर्धवट उघडून एक मुलगी डोकावते. पल्लादियोने 1570 च्या आपल्या ग्रंथात या घराचं वर्णन केलं, पाण्याचा सगळा प्रवास सांगितला, पण व्हेरोनेझेचं नावही घेतलं नाही. चित्रांनी भिंतच नाहीशी करणारा चित्रकार वास्तुकाराला रुचला नसेल, असा अनेकांचा तर्क आहे.

मार्कान्तोनियोने पल्लादियोला पुन्हा बोलावलं ते घराजवळ, रस्त्यालगत एक घुमटाकार चर्च बांधायला. त्यावर 1580 साल कोरलेलं आहे. त्याच वर्षी पल्लादियो वारला. पुढे व्हिलाचे मालक बदलत गेले. 1996 मध्ये व्हेनेतो या व्हेनिसभोवतालच्या प्रदेशातल्या पल्लादियोच्या इतर व्हिलांसोबत तिचाही युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला.