ईमेल स्वाक्षरी

ईमेल स्वाक्षरी : ईमेलच्या मजकुराखाली आपोआप जोडला जाणारा, पाठवणाऱ्याचे नाव, काम व संपर्क सांगणारा छोटा मजकूर. संदेशाची सत्यता पटवणारी डिजिटल स्वाक्षरी याहून वेगळी.

ही प्रथा यूजनेट या चर्चाजालावर व युनिक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांवर साधारणतः १९८० च्या दशकात रुळली. ‘.सिग्नेचर’ नावाच्या फाइलीत काही ओळी लिहून ठेवल्या की त्या प्रत्येक संदेशाखाली जोडल्या जात. मजकूर व स्वाक्षरी यांच्यामध्ये दोन संयोगचिन्हे आणि त्यांपुढे एक मोकळी जागा, एवढीच विभाजक ओळ ठेवण्याचा संकेत आहे. ही मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. पण ती गळाली, तर उत्तर लिहिताना आधीची स्वाक्षरी वगळणारे प्रोग्रॅम विभाजक ओळखत नाहीत. फेब्रुवारी २००४ च्या आरएफसी ३६७६ या दस्तऐवजात (आरएफसी ही इंटरनेटचे तांत्रिक संकेत नोंदवणारी क्रमांकित दस्तऐवजमाला) ओळीअखेरची मोकळी जागा ही ‘पुढची ओळ येथेच जोडावी’ अशी खूण मानली आहे; म्हणून विभाजक ओळीसाठी तेथे खास अपवाद करावा लागला.

प्रसिद्धीसाठी स्वाक्षरी वापरण्याचा आरंभ हॉटमेलपासून (१९९६) झाल्याचे अनेकदा सांगितले जाते. या सेवेतून जाणाऱ्या ईमेलखाली हॉटमेलवर मोफत खाते उघडण्याचे आवाहन असे. ते सुचवण्याचे श्रेय सामान्यतः गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांना दिले जाते. तथापि ती जाहिरात सेवेची होती, पत्रलेखकाची नव्हे. ऑक्टोबर १९९५ च्या आरएफसी १८५५ या शिष्टाचारविषयक दस्तऐवजात स्वाक्षरी व्हिजिटिंग कार्डाची जागा घेते आणि प्रसंगानुसार एकाहून अधिक स्वाक्षऱ्या ठेवता येतात, असे नमूद आहे. त्यामुळे आत्मप्रसिद्धीचे मूळ यूजनेटच्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. स्वाक्षरी ४ ओळींहून मोठी नसावी, असेही तेथे सुचवले असून अनेकांना इंटरनेट जोडणीचे पैसे मिनिटावर मोजावे लागतात, हे कारण दिले आहे. कारण कालबाह्य झाले. मर्यादा आजही पाळण्याजोगी आहे.

नाव, कामाची एक ओळ, एक क्रमांक व एकच दुवा पुरेसा होतो. नुसत्या ‘संचालक’ या हुद्द्यापेक्षा ‘जुन्या इमारतींची दुरुस्ती व जतन’ ही ओळ अनोळखी वाचकाला कितीतरी अधिक सांगते. दुवा चालू कामाचा असावा व काम संपताच बदलावा. तारीख उलटलेले निमंत्रण लेखकाच्या दुर्लक्षाचीच जाहिरात करते. संपूर्ण स्वाक्षरी चित्ररूपात देऊ नये, कारण अनेक ईमेल प्रोग्रॅम बाहेरून येणारी चित्रे अडवतात आणि चित्रातला क्रमांक सहज कॉपी करता येत नाही. लांबलेल्या पत्रव्यवहारात उत्तरांपुरती नाव व क्रमांक एवढीच वेगळी स्वाक्षरी ठेवणे इष्ट.

कायद्याने काही ठिकाणी स्वाक्षरीचा आशयही ठरतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांनी व्यावसायिक ईमेलमध्ये नोंदणी क्रमांक व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता देणे बंधनकारक आहे. जर्मनीतही तेव्हापासून तशी तरतूद आहे. हा तपशील साधारणतः स्वाक्षरीतच जात असल्याने प्रसिद्धीच्या ओळीला तेथे जागा आणखी कमी उरते.