टिक्स: ‘चाळे बंद कर’ म्हणण्याऐवजी काय करता येतं

मूल सारखं डोळे मिचकावतं म्हणून डोळ्यांचा डॉक्टर. नाक सुरसुर करतं म्हणून ॲलर्जीची औषधं. मान झटकायला लागलं की दृष्ट काढायची, देवळात कौल-प्रसाद घ्यायचा. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कित्येक घरांत टिक्सचं, म्हणजे आपसूक, अचानक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींचं किंवा आवाजांचं, निदान होण्याआधी बराच काळ असाच जातो. आणि या सगळ्या काळात मुलाच्या कानावर एकच वाक्य पडत राहतं: चाळे बंद कर.

ते त्याला जमत नाही, कारण टिक येण्याआधी शरीराच्या त्या भागात एक अस्वस्थ ओढ दाटते. शिंकेआधी नाकात होतं तशी. टिक केली की ती क्षणभर शमते. लहान मुलांना ही ओढ सांगता येत नाही, साधारण दहाव्या वर्षानंतर ती ओळखू येऊ लागते. दिवसभर वर्गात जोर लावून टिक्स दाबणारं मूल घरी आल्यावर मोकळं होतं, मग शिक्षक म्हणतात, ‘शाळेत तर काहीच करत नाही.’ दोन्ही खरं असतं.

दोन किंवा अधिक हालचालींच्या टिक्स आणि किमान एक आवाजाची, सुरुवात अठराव्या वर्षाआधी आणि वर्षापेक्षा जास्त काळ, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टूरेट यांनी 1885 साली त्याचं वर्णन केलं. तोंडून शिव्या निघणं हे लक्षण थोड्याच रुग्णांत असतं. बहुतेकांच्या टिक्स 10 ते 12 वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि पुढे ओसरतात.

औषधांआधी शिकावी अशी पद्धत म्हणजे ओढ ओळखून तिला विरोधी हालचाल देणं. सर्वांत जास्त त्रास देणारी एकच टिक निवडा. ओढ जाणवताच, किंवा टिक सुरू झाल्यावरही, ती टिक होऊच शकणार नाही अशी हालचाल करून एक मिनिट किंवा ओढ विरेपर्यंत टिकवायची. मान झटकत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, नजर समोर. घसा खाकरत असेल तर तोंड मिटून नाकाने संथ, पोटातून श्वास. डोळे मिचकावत असेल तर ठरावीक लयीत, सावकाश पापण्या मिटायच्या. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे साधारण आठ बैठकी लागतात.

फसतं कुठे? विरोधी हालचाल टिकपेक्षा जास्त उठून दिसली की मूल ती चारचौघांत करत नाही. चार टिक्स एकदम हाती घेतल्या की एकही धड होत नाही. आणि आईबाबा पहारेकरी झाले की मुलाचं सगळं लक्ष टिकवरच जातं, ती वाढते. सराव झाला की शाबासकी द्या, टिक झाली की काही बोलू नका.

गणेश चवथीची धांदल, जागरण, परीक्षा यांत टिक्स वाढतात. घुमट वाजवताना किंवा फुटबॉल खेळताना तल्लीन झालेल्या मुलात त्या पुष्कळदा कमी होतात, म्हणून शिक्षा म्हणून खेळ बंद करू नये. टिक्स मुळातच आठवड्याआठवड्याला कमीजास्त होतात. त्यामुळे चार दिवसांत औषध ‘लागू पडलं’ किंवा ‘वाया गेलं’ असं ठरवू नका. टिक्ससाठी क्लोनिडिन हे औषध सुरू असेल तर ते एकदम थांबवू नका, रक्तदाब उसळतो.

बऱ्याच मुलांना टिक्सपेक्षा सोबतची चंचलता किंवा मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) जास्त छळतो. डॉक्टरांना तेही सांगा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवायला जाताना मोबाइलवर घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, कारण डॉक्टरांसमोर टिक्स अनेकदा दिसतच नाहीत. झटका येताना शुद्ध हरपत असेल तर ती टिक नव्हे, फिट असू शकते. तिथे वाट पाहू नका.