एचआयव्ही चेतापेशी कुरतडतो का?

भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था असलेल्या पुण्यातही ‘एचआयव्ही मेंदूत शिरून चेतापेशी कुरतडतो’ हा समज ऐकू येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे सीडी४ हे ग्राहक प्रथिन चेतापेशींवर जवळजवळ नसल्याने, प्रयोगशाळेतल्या बशीत नुसत्या चेतापेशी वाढवून त्यांवर विषाणू सोडला तरी तो तिथे फारसा वाढत नाही. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, मिसळल्या की मात्र तो त्यांच्यात ठाण मांडतो आणि त्यांनी सोडलेल्या दाहक द्रव्यांनी शेजारच्या चेतापेशींच्या शाखा झडू लागतात. राखणदारानेच घराला आग लावावी, तसा हा प्रकार! साध्या उंदराला तर एचआयव्हीची लागणच होत नाही. तरीही विषाणूचे केवळ जीपी१२० हे आवरण-प्रथिन मेंदूत तयार करणाऱ्या जनुक-परिवर्तित उंदरांत १९९४ साली चेतापेशींची अशीच हानी आढळली.